वाचकांचे प्रश्न : रुग्णवाहिकेवरची पहिली ड्युटी

प्रश्न : बीएएमएस करून १०८ रुग्णवाहिकेवर रुजू होते आहे. ड्युटी हाती घेताना आधी काय तपासू?

उत्तर : ऑक्सिजन. गाडीवर तुम्ही आणि पायलट (चालक) दोघंच असता. निघाल्यावर सिलिंडर रिकामा निघाला तर रस्त्यात दुसरा कुठून आणणार?

गेज वाचण्याआधी व्हॉल्व्ह उघडा. बंद असताना काटा दाखवतो तो रेग्युलेटरमध्ये अडकलेला जुना दाब. मग फ्लोमीटर (मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सोडायचा ते ठरवणारा भाग) बंद ठेवून व्हॉल्व्ह पुन्हा बंद करा आणि मिनिटभर थांबा. काटा उतरला तर गळती आहे. बहुधा वॉशर झिजलेला असतो. वॉशर बदलताना हाताला तेल, ग्रीस किंवा ओलं सॅनिटायझर नको. दाबाखालच्या ऑक्सिजनला ते लागलं तर पेट घेतं.

हिशोब पाठ करा. बी टाइप सिलिंडरची पाण्याची क्षमता साधारण १० लिटर, भरलेला असताना दाब १५० बारच्या आसपास. म्हणजे जवळपास १५०० लिटर ऑक्सिजन. काटा ६० वर असेल तर उरले ६००. त्यातले २०० राखीव धरा. रिझर्व्हॉयर (पिशवीवाल्या) मास्कला मिनिटाला १० लिटर लागले तर हातात ४० मिनिटं. घाटातून तासाभराचा रस्ता असेल तर हा सिलिंडर निघण्याआधीच बदला.

आणखी एक फसवी जागा म्हणजे ह्युमिडिफायरची, म्हणजे ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याची, बाटली. झाकण तिरकं बसलं की फ्लोमीटर १० दाखवतो आणि रुग्णापर्यंत निम्माही पोचत नाही. नळीचं टोक क्षणभर अंगठ्याने दाबा. बुडबुडे थांबले किंवा सेफ्टी व्हॉल्व्हची शिट्टी वाजली तर ठीक. काहीच न होता बुडबुडे चालूच राहिले तर झाकण पुन्हा बसवा.

घशातली लाळ, उलटी ओढून घेणाऱ्या सक्शन मशीनचंही तसंच : नळीचं तोंड बोटाने बंद केल्यावर गेज चढायला हवा. चढला नाही तर आधी बरणीचं झाकण पाहा.

प्रश्न : तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद. रुग्णाला खाली कसं आणायचं?

उत्तर : छातीत दुखणाऱ्या किंवा धाप लागलेल्या माणसाला चालवत आणू नका, तो स्वतः "चालतो की" म्हणाला तरी. झोपवून उतरवताना पाय पुढे, डोकं वर. पट्टे तीन : छातीवर, कमरेवर, गुडघ्यांच्या वर. हात पट्ट्याच्या आत घ्या. घाबरलेला रुग्ण कठडा धरतो आणि त्या एका झटक्यात खालच्याचा तोल जातो. वजन खालच्या माणसावर येतं, म्हणून दोघांतला ताकदवान खाली. त्याच्या मागे एक नातेवाईक उभा करा. त्याने कंबर धरून पायऱ्या मोजत सांगायच्या. वळणावर स्ट्रेचर फिरत नसेल तर कापडी स्ट्रेचर वापरा. चाकांचं स्ट्रेचर ब्रेक लावून खाली तयार असू द्या.

हृदय बंद पडलेलं असेल तर उचलाउचलीची घाई करू नका. सपाट जमिनीवर ३० दाब, २ श्वास सुरू करा, एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) लावा. जिन्यात नीट दाब देता येत नाहीत.

प्रश्न : रुग्णालयात रुग्ण सोपवताना काय सांगायचं?

उत्तर : वय, त्रास काय, कधी सुरू झाला, तुम्हाला काय सापडलं, काय दिलं, प्रत्येकापुढे वेळ.

पक्षाघातात वेळेची फार काळजी घ्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते तास मोजतात रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. घरचे म्हणतात, "सकाळी ६ ला उठले तेव्हा तोंड वाकडं होतं." तुम्ही विचारा, रात्री झोपताना बोलणं नीट होतं का, मध्ये पाणी प्यायला किंवा बाथरूमला उठले होते का, तेव्हा कोणी पाहिलं? रात्री १० ला शेवटचं पाहिलं असेल तर कागदावर १० लिहा. साखरही घरीच तपासा, कारण साखर उतरली तरी चेहरा आणि हात पक्षाघातासारखे लुळे पडू शकतात. रुग्णाला शेवटचं धडधाकट पाहणारा माणूस गाडीत सोबत घ्या, किमान त्याचा फोन नंबर तरी घ्या. डॉक्टर तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहेत.

रुग्ण ताब्यात घेतल्याची सही मिळाली तरी रुग्णाला लावलेला तुमचा मास्क लगेच काढू नका. वॉर्डातला ऑक्सिजन सुरू होऊन रुग्णाला लागल्यावरच आपली नळी सोडवा.