चषक मुंबईचा, पण आशियात गेलं मोहन बागान. असं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. २०२४ मध्ये मुंबई सिटीने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या आपल्या मुख्य फुटबॉल लीगचा, चषक जिंकला, मग आशियाई स्पर्धेत मोहन बागान कसं गेलं? आणि पुढच्या वर्षी लीग न जिंकताही एफसी गोवा सौदी अरेबियाच्या अल नस्रच्या, म्हणजे रोनाल्डोच्या क्लबच्या, गटात कसा पोहोचला? दोन्हींची मुळं एकाच नियमावलीत आहेत. ती वाटते तेवढी किचकट नाही, पण तुकड्यातुकड्यांनी ऐकली की गोंधळ होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आशियातली जागा देशाच्या नावावर असते, क्लब ती फक्त भरतो. क्वालालंपूरला मुख्यालय असलेला आशियाई फुटबॉल महासंघ, म्हणजे एएफसी, प्रत्येक देशाच्या क्लबांनी मागच्या काही हंगामांत आशियात काय कामगिरी केली त्याचे गुण मांडतो. त्या क्रमवारीवरून देशाला जागा मिळतात. काही थेट गटात, काही प्ले-ऑफमधून, म्हणजे आधी पात्रता सामना जिंकून. त्या कुणी भरायच्या, हे देशातल्या स्पर्धांवरून ठरतं, आणि तिथेही एएफसीच्या अटी असतातच.

सर्वांत मोठी अट म्हणजे मुख्य जागा लीगच्या विजेत्याला. लीगचा विजेता म्हणजे पूर्ण हंगाम सगळ्यांशी घरी आणि बाहेर खेळून गुणतक्त्यात पहिला आलेला संघ. आपल्याकडे गोंधळ इथेच होतो. आयएसएल सुरू झाली तेव्हापासून साखळीनंतरचे प्ले-ऑफ आणि अंतिम सामना जिंकणाऱ्यालाच विजेता म्हणायची सवय लागली. पण आशियाचा रस्ता खुला झाला तेव्हा एएफसीला गुणतक्त्यातला पहिला संघ हवा होता. म्हणून २०१९-२० पासून गुणतक्त्यातल्या पहिल्या संघासाठी लीग विनर्स शील्ड आली. तेव्हापासून आशियाची मुख्य जागा शील्डबरोबर जाते, चषकाबरोबर नाही.

आता २०२४ कडे वळू. मुंबईकरांना त्या वर्षीचा खरा घाव मे महिन्यात नव्हे, एप्रिलमध्ये बसला होता. १५ एप्रिलला साखळीचा शेवटचा सामना कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर होता. मुंबई सिटी ४७ गुणांवर, मोहन बागान ४५ वर. मुंबईला नुसती बरोबरी पुरली असती. मोहन बागानने २-१ जिंकलं, ४८ गुण केले, शील्ड घेतली आणि तिच्यासोबत आशियाची जागाही. एकोणीस दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर तेच दोन संघ पुन्हा भिडले आणि मुंबईने चषक जिंकला. त्या जल्लोषात आधीचा सामना लोक विसरून गेले. चषकाचा आनंद खराच होता, पण आशियाच्या हिशोबात एप्रिलमधली ती नव्वद मिनिटं मोजली गेली, मे महिन्यातली नाहीत. अशी फारकत तेव्हा पहिल्यांदा झाली असंही नाही. २०१९-२० मध्ये शील्ड गोव्याची, चषक एटीकेचा. २०२१-२२ मध्ये शील्ड जमशेदपूरची, चषक हैदराबादचा. २०२२-२३ मध्ये शील्ड मुंबईची, चषक एटीके मोहन बागानचा. दोन्ही एकाच हंगामात जिंकण्याचा पराक्रम आधी २०२०-२१ मध्ये मुंबईने केला आणि मग २०२४-२५ मध्ये मोहन बागानने. माझं स्पष्ट मत आहे की शील्ड हाच मोठा मान आहे आणि आपल्या वाहिन्यांनी, वर्तमानपत्रांनी तो तसाच दाखवायला हवा.

दुसरी वाट सुपर कपची. लीगहून वेगळ्या, बाद फेऱ्यांत निकाल लागणाऱ्या या स्पर्धेच्या विजेत्याला आशियाच्या प्ले-ऑफचं तिकीट मिळतं. थेट गट नाही, आधी एक पात्रता सामना. ईस्ट बंगालने जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला ओडिशाला ३-२ हरवून हे तिकीट मिळवलं. ऑगस्टमध्ये तुर्कमेनिस्तानच्या अल्तिन असिरकडून ते २-३ हरले आणि खालच्या चॅलेंज लीगमध्ये गेले. तिथे भूतानमध्ये झालेल्या गटात पहिले येऊन त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. प्ले-ऑफमध्ये हरलात म्हणजे सगळंच संपलं असं नाही, हे त्यातून दिसलं. ड्युरंड कप जिंकून मात्र आशियात जाता येत नाही. संतोष ट्रॉफीचा तर प्रश्नच नाही, ती राज्यांच्या संघांची स्पर्धा.

एफसी गोवाही याच सुपर कपच्या वाटेने गेला. २०२४-२५ मध्ये लीगमध्ये ते दुसरे आले. मग ३ मे २०२५ ला भुवनेश्वरच्या अंतिम सामन्यात त्यांनी जमशेदपूरला ३-० हरवलं. १३ ऑगस्टला मडगावच्या फातोर्डा मैदानावर ओमानच्या अल सीबला २-१ नमवलं आणि आशियातल्या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेच्या, चॅम्पियन्स लीग टूच्या, गटात शिरले. पुढे सोडतीत अल नस्र आला आणि अख्खा गोवा रोनाल्डोची वाट बघू लागला.

अल नस्रसारखा क्लब दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत काय करत होता, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांना पडला होता. त्याचं उत्तर फार सुंदर आहे. सौदी अरेबियाला पहिल्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियन्स लीग एलिटमध्ये, तीन जागा होत्या. सौदी लीगमध्ये अल इत्तिहाद पहिला, अल हिलाल दुसरा, अल नस्र तिसरा. म्हणजे अल नस्रची जागा पक्की असायला हवी होती. पण अल अहली लीगमध्ये पाचवा येऊनही मे २०२५ मध्ये जेद्दाला जपानच्या कावासाकी फ्रोंतालेला २-० हरवून आशियाचा विजेता झाला होता, आणि विजेत्याला पुढच्या हंगामात जागा मिळतेच. ती देशाच्या वाट्यातूनच गेली, त्यामुळे तिसरा आलेला अल नस्र एक पायरी खाली सरकला. जेद्दाच्या त्या सामन्याचा परिणाम असा थेट मडगावपर्यंत पोहोचला. २२ ऑक्टोबरला अल नस्र फातोर्ड्यावर खेळला. रोनाल्डो आला नाही. सामना १-२ असा गेला, पण ब्रायसन फर्नांडिसने, आपल्या गोव्याच्याच मुलाने, अल नस्रवर गोल केला. तो गोल ज्यांनी मैदानात बसून पाहिला त्यांना रोनाल्डोच्या गैरहजेरीबद्दल फार हळहळ वाटली नसेल.

युरोपातही असंच असतं. २०२४-२५ मध्ये टॉटनहॅम इंग्लंडच्या लीगमध्ये सतरावा आला, पण युरोपा लीग जिंकल्यामुळे चॅम्पियन्स लीगमध्ये गेला. न्यूकॅसलला पाचव्या क्रमांकावरही जागा मिळाली, कारण इंग्लिश क्लबांची युरोपातली एकत्रित कामगिरी त्या हंगामात सरस होती आणि त्याबद्दल देशाला एक जादा जागा मिळाली. तिथे मात्र टॉटनहॅमची जागा वेगळी धरली गेली, म्हणून इंग्लंडचे सहा क्लब गेले.

आता भारताच्या वाट्याकडे येऊ, कारण मला सर्वांत जास्त त्याचीच काळजी वाटते. आज आशियात तीन श्रेणी आहेत. २०२४-२५ पासून वर एलिट, त्यात सुरुवातीला २४ क्लब. मध्ये चॅम्पियन्स लीग टू, त्यात तेव्हा ३२. खाली चॅलेंज लीग. तिन्हींमध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग. भारत पश्चिमेत मोडतो, म्हणजे आपली गाठ सौदी, इराण, कतार, अमिराती, उझबेकिस्तान यांच्याशी. नव्या रचनेत एलिटमध्ये भारताला जागा उरली नाही. शील्डविजेता चॅम्पियन्स लीग टूच्या गटात आणि सुपर कपविजेता तिच्याच प्ले-ऑफमध्ये, एवढंच हाती राहिलं.

त्याआधीची तीन वर्षं आठवली की यातलं नुकसान कळतं. २०२१ मध्ये तेव्हाच्या सर्वोच्च स्पर्धेचा, चॅम्पियन्स लीगचा, गट टप्पा ३२ वरून ४० संघांचा झाला आणि भारताला पहिल्यांदा थेट जागा मिळाली. ती एफसी गोवाने भरली. कोविडमुळे फातोर्ड्याची गॅलरी रिकामी होती. कतारच्या अल रय्यानशी दोनदा आणि अमिरातीच्या अल वहदाशी एकदा बरोबरी, इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाचा गोल, आणि गटात तिसरा क्रमांक. धीरज सिंगने गोलमध्ये उभं राहून काय काय अडवलं, ते जुने व्हिडिओ काढून जरूर बघा. पुढच्या वर्षी रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय, निर्णायक गोल राहुल भेकेचा. शेवटच्या सामन्यात त्याच संघाला पुन्हा हरवून मुंबई ७ गुणांसह गटात दुसरी आली. पश्चिमेच्या पाच गटांतले फक्त तीन सर्वोत्तम उपविजेते पुढे जाणार होते, त्यात मुंबई बसली नाही. तरी ते सात गुण भारताच्या खात्यात पडले.

२०२३-२४ साठी एक वेगळाच पेच होता. एएफसीने हंगाम बदलून शरद ते वसंत असा केला, त्यामुळे एका जागेवर दोन हंगामांच्या शील्डविजेत्यांचा हक्क आला. जमशेदपूर आणि मुंबई यांच्यात एप्रिल २०२३ मध्ये केरळातल्या मंजेरीला सामना झाला आणि मुंबई ३-१ ने जिंकली. पुढे गटात अल हिलाल आला, त्यांचा नेमार येणार म्हणून पुण्यात धांदल उडाली, आणि ऑक्टोबरमध्ये देशासाठी खेळताना तो जखमी झाला. मुंबईने सगळे सहा सामने गमावले. या दरीचं एक कारण नियमातच आहे. सौदी क्लब अमाप खर्च करू शकतात, आणि २०२४-२५ पासून तर एएफसीने परदेशी खेळाडूंवरची मर्यादाही काढली, आयएसएलमध्ये मात्र एका वेळी मैदानात चारच. आपले मुलगे हंगामभर एका प्रकारचं फुटबॉल खेळतात आणि आशियात एकदम दुसऱ्याच प्रकाराला सामोरे जातात.

मुंबई सिटी पुण्यात का खेळत होती, हेही याच विषयात येतं. गुणतक्त्यात पहिलं येणं पुरत नाही, क्लबला परवाना लागतो. त्यात युवा संघ, प्रशिक्षकाची पात्रता, हिशोब, खेळाडूंची देणी, मैदान असं सगळं तपासलं जातं. ते नसेल तर जागा गुणतक्त्यातल्या पुढच्या संघाकडे जाऊ शकते. अंधेरीचं मैदान लहान पडतं, म्हणून पुण्याची बालेवाडी, आणि अल हिलालविरुद्ध नेरुळचं डी. वाय. पाटील. मुंबईसारख्या शहरात आशियाई सामन्याला चालेल असं फुटबॉलचं स्वतःचं मैदान असावं, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरायला हवी.

आणि मिळालेली जागा मैदानाबाहेरही जाऊ शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं तेव्हा गोकुळम केरळच्या मुली आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना एकही सामना न खेळता परतावं लागलं. त्यांचा काडीचाही दोष नव्हता. जागा देशाची असते याचा हा सर्वांत वेदनादायक अर्थ. २०२४ मध्ये मोहन बागान सुरक्षेच्या कारणावरून इराणला ताब्रिझला गेलं नाही. एएफसीने त्यांनी माघार घेतली असं धरलं आणि ताजिकिस्तानच्या रवशानविरुद्ध घरी झालेली ०-० बरोबरीसुद्धा रद्द झाली. २०२५ मध्ये इराणमधल्याच इस्फहानच्या सामन्याच्या वेळी तेच पुन्हा घडलं. खेळाडूंच्या जिवाची काळजी मी कधीच हलक्यात घेणार नाही. पण ज्या सामन्यांतून देशाचे गुण वाढायचे ते दोन वर्षं झालेच नाहीत, आणि त्याची किंमत पुढे कुठलाही भारतीय क्लब मोजेल, गोवा आणि मुंबईसुद्धा.

तेव्हा पुढच्या हंगामापासून गुणतक्ता पहिल्या आठवड्यापासून बघा, पहिल्या जागेसाठीची चुरस प्ले-ऑफइतकीच मनावर घ्या, आणि सुपर कपचे सामने रिकाम्या मैदानात होऊ देऊ नका. मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल आशियात खेळत असेल तेव्हा त्यांच्या बाजूने ओरडायला मुंबईकराला किंवा गोंयकाराला संकोच वाटायचं कारण नाही, त्यांचे गुण आपल्याही खात्यात पडतात. एखाद्या विशिष्ट हंगामाबद्दल शंका असेल तर वर्ष सांगून विचारा, माहिती आहे तेवढं नक्की सांगेन.