कालवडीच्या रक्तातलं दुधाचं प्रथिन

नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. कालवडीच्या कासेतल्या पेशी दूध बनवायला तयार झाल्या का, हे रक्तातल्या अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनवरून ओळखायचं, हा विचार पटला. हे प्रथिन कासेतल्या दूध बनवणाऱ्या पेशी तयार करतात. ते नसेल तर दुधातली साखर बनत नाही, आणि साखरच पाणी ओढून घेते. म्हणून दूध किती उतरणार हेही बरंचसं त्यावर ठरतं. त्यातलं थोडं रक्तात झिरपतं, तेच तू मोजणार.

पण 'प्रथिन जास्त म्हणजे कास मोठी' हे वाक्य खोडून टाक. रक्तातला आकडा पेशी कामाला लागल्याची खूण आहे, पेशी किती आहेत याची नाही. पहिल्यांदा माजावर येण्याआधी काही महिने कास अंगापेक्षा वेगाने वाढते, तरी आकडा खालीच असतो. तो चढतो गाभणपणाच्या शेवटी, व्यायच्या तोंडावर. म्हणजे लहान कालवडींची वाढ पाहायची तर सोनोग्राफी जोडीला हवीच. दगडी, म्हणजे कासेचा दाह, झालेल्या गाईत पेशींमधले सांधे सैल होतात आणि प्रथिन उगाच रक्तात गळतं. असे नमुने वेगळे ठेव.

आता खरी काळजी. दुधात हे प्रथिन लिटरला साधारण एक ग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला दहा लाख नॅनोग्रॅम. रक्तात आपण नॅनोग्रॅममध्येच मोजतो. नळीत दुधाचा किंवा चिकाचा एक थेंब गेला की नमुना वाया. तेव्हा धारा काढणाऱ्याच्या हाती नळी देऊ नकोस, आणि रक्त मानेच्या शिरेतून घे. शेपटीखालची शीर सोपी, पण कासेच्या फार जवळ.

सिन्नरची संकरित कालवड आणि इगतपुरीची डांगी या देशी जातीची कालवड एकाच वयाच्या म्हणून शेजारी मांडू नकोस. डांगी उशिरा माजावर येते. वयापेक्षा वजन आणि व्यायची तारीख धरून मांड, आणि वीस कालवडींचं एकदा रक्त घेण्यापेक्षा सहाच घेऊन त्यांचंच पुन्हा पुन्हा घे. म्हशीचे नमुने गाईचं प्रथिन मोजायच्या किटवर आधी पडताळून पाहा.

वसुबारसेला मात्र कुणाच्या गोठ्यात सुई घेऊन जाऊ नकोस. पुढच्या वेळी दारातूनच परत पाठवतील. सुधारलेला आराखडा आणि नमुन्यांचं वेळापत्रक दोन्ही एकत्रच पाठव.

तुझे सर