‘बोलून गेला’ आणि ‘बोलून बसला’ : मजकुराचा सूर मुलांना कसा ओळखता येईल?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. ‘कवितेतील भाव ओळखा’ असे म्हटले की निम्मा वर्ग ‘आनंद’ लिहितो आणि उरलेला ‘दुःख’. ज्यांच्याकडे गाईड आहे ते ‘कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक कवितेला लावतात. लेखकाचा सूर आणि मजकुरातले भाववातावरण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला समजते. मुलांना तो फरक दाखवावा कसा, हे मात्र उमगत नाही.

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांना सूर ओळखता येत नाही, असे मला वाटत नाही. रात्री उशिरा घरी परतलेल्या मुलाला दार उघडताना आई ‘आलास?’ एवढेच विचारते, आणि ती काळजीत होती की संतापलेली आहे, हे चपला काढायच्या आत त्याला कळलेले असते. कान तयार असतो. अडचण एवढीच की कागदावर आवाज उमटत नाही. लेखकाला तो शब्दांच्या निवडीत, क्रियापदाच्या रूपात आणि वाक्याच्या लांबीत ठेवावा लागतो, आणि त्याने तो कुठे ठेवला आहे हे शोधायला आपण मुलांना फारसे शिकवत नाही. ‘कोणता भाव?’ असे विचारून आपण थांबतो. ‘कोणत्या शब्दामुळे तसे वाटले?’ हा प्रश्न आधी विचारावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आपल्याला हवा असलेला फरकही याच प्रसंगातून दाखवता येईल. ‘आलास?’ या शब्दातला राग किंवा काळजी हा सूर. तो बोलणाऱ्याचा, म्हणजे मजकुरात लेखकाचा किंवा निवेदकाचा. तो प्रश्न ऐकून घरात जी शांतता पसरते, धाकटी बहीणसुद्धा निमूटपणे पुस्तकात डोके घालते, ते वातावरण. ते ऐकणाऱ्याच्या, म्हणजे वाचकाच्या वाट्याला येते. पुष्कळदा ही दोन्ही एकाच दिशेने जातात, पण नेहमीच जातात असे नाही. चाराछावणीतल्या जनावरांचा हिशेब एखादा लेखक अगदी कोरड्या सुरात मांडतो, आज किती दावणीला होती आणि काल किती होती एवढेच सांगतो, आणि वाचकाच्या घशाशी मात्र आवंढा येतो. सूर कोरडा, वातावरण करुण. असा एखादा उतारा आपण स्वतः चार ओळींत लिहून वर्गात वाचलात, तर व्याख्या फळ्यावर लिहिण्याची गरज उरणार नाही. (आपल्या परंपरेतला रसविचार वातावरणाच्या बाजूला अधिक जवळचा आहे, कारण रसाचा आस्वाद रसिक घेतो. नऊ रसांची नावे पाठ असलेल्या मुलालाही लेखकाचा सूर सांगता येत नाही, याचे एक कारण हे असावे.)

आता शब्दांकडे. मराठीत सूर विशेषणांपेक्षा क्रियापदाच्या शेपटात जास्त असतो, असा माझा अनेक वर्षे शिकवून झालेला ग्रह आहे. फळ्यावर ‘तो खरे बोलला’ हे वाक्य लिहावे आणि त्याखाली ‘तो खरे बोलून गेला’, ‘तो खरे बोलून बसला’, ‘त्याने खरे बोलून टाकले’, ‘त्याने खरे बोलून दाखवले’ अशी चार वाक्ये लिहावीत. घटना पाचही वाक्यांत एकच आहे. मग प्रत्येक वाक्याच्या आधी काय घडले असेल, ते मुलांना सांगायला लावावे. ‘बोलून गेला’ म्हणजे त्याच्या मनात नसताना निसटले, ‘टाकले’ म्हणजे बरेच दिवस मनात साठले होते आणि आता मोकळे वाटले, ‘दाखवले’ म्हणजे समोर कोणीतरी होते आणि धैर्य लागले, हे मुले न शिकवता सांगतात. माझ्या वर्गात एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला होता, “बोलून बसला म्हणजे आता त्याला उठता येत नाही.” केलेली गोष्ट मागे घेता येत नाही आणि तिचा पश्चात्ताप होतो आहे, हा या क्रियापदाचा सगळा अर्थ त्याने एका वाक्यात सांगितला होता. व्याकरणाच्या तासाला आपण संयुक्त क्रियापद ‘ओळखा’ असे सांगून पुढे जातो. त्याच तासाला सूरही शिकवता येतो.

मृत्यूची बातमी सांगणाऱ्या क्रियापदांवरही असाच एक तास द्यावा. ‘आजोबांचे निधन झाले’, ‘आजोबा वारले’, ‘आजोबा गेले’ आणि ‘आजोबा सुटले’ ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवली की शेवटच्या एका शब्दात कित्येक महिन्यांचे अंथरूण, घरच्यांची जागरणे आणि सांगणाऱ्याची माया कशी मावली आहे, हे मुलांच्या ध्यानात येते. फक्त ज्या मुलाच्या घरी नुकतेच असे काही घडले असेल, त्याचा विचार करून हा तास घ्यावा.

कवितेसाठी मी बालकवींची ‘औदुंबर’ सुचवेन. ती अवघ्या आठ ओळींची आहे, आणि त्या आठ ओळींत आनंद, दुःख, उदास, भीती असा भावनेचे नाव घेणारा एकही शब्द नाही. म्हणूनच ती या कामाला उत्तम आहे. मुलांना आधी फक्त रंग वेचायला सांगावेत. हिरवाळी, निळासावळा झरा, शेतमळ्यांची हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवी कुरणे आणि मग काळा डोह. दुसऱ्या वाचनात क्रियापदे वेचायला सांगावीत. झरा ‘वाहतो’, पायवाट ‘चालली’ आहे, आणि शेवटी औदुंबर पाण्यात पाय टाकून ‘बसला’ आहे. उजेडाकडून अंधाराकडे आणि हालचालीकडून स्थिरतेकडे कविता सरकते, हे मुलांना स्वतःच्या वहीतल्या दोन यादींवरून दिसते. आपल्याला ते सांगावे लागत नाही. त्यानंतर ‘गोड काळिमा’ या दोन शब्दांवर थांबावे आणि घाई करू नये. ‘गोड’ हा शब्द ‘फक्त उदास’ असे लिहू देत नाही आणि ‘काळिमा’ हा शब्द ‘फक्त प्रसन्न’ असे लिहू देत नाही. ‘चिमुकले’ गाव म्हणणारा सूर मायेचा आहे, तो शेवटच्या ओळीपर्यंत कडवट होत नाही, आणि तरीही वातावरण गडद होत जाते. नंतर याच कवीची ‘श्रावणमासी’ घ्यावी. हिरवा रंग तिथेही आहे, परंतु तिथे सरी क्षणात येतात आणि क्षणात ऊन पडते. ओळींना धाप लागावी इतका वेग आहे. हिरवा रंग म्हणजे आनंद, असा ठोकताळा मुलांनी बांधला असेल तर तो या दोन कविता शेजारी ठेवल्यावर आपोआप सुटतो.

एक विनंती मात्र आहे. बालकवींचा 1918 साली रेल्वे अपघातात अकाली मृत्यू झाला, ही माहिती कविता वाचण्यापूर्वी देऊ नये. ती आधी दिली की मुले ओळी वाचतच नाहीत, कवीच्या आयुष्यातले दुःख कवितेवर ओततात आणि आपल्याला उत्तर सापडले असे समजतात.

शब्दसंग्रहाचा प्रश्न खरा आहे, पण पन्नास भावनांची यादी पाठ करून घेण्याने तो सुटत नाही. जवळचे दोन शब्द घेऊन त्यांच्यातला फरक शोधायला लावावा. हळहळ घडून गेलेल्या गोष्टीबद्दल वाटते, कळवळा माणसाला मदतीसाठी उठवतो. चीड अन्यायाची येते, त्रागा करणारा माणूस बहुधा स्वतःलाच त्रास करून घेतो. हुरहुरीला कारण सांगता येत नाही, काळजीला सांगता येते. आठवड्याला अशी एक जोडी झाली तरी वर्षअखेरीस ‘आनंद’ आणि ‘दुःख’ यांच्या मधला मोठा प्रदेश मुलांच्या ताब्यात येईल.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. उताऱ्यात बरणी फोडणाऱ्या मुलाला आजी म्हणते, ‘फार मोठा पराक्रम केलास हो!’ या वाक्याचा सूर त्याने ‘कौतुक’ असा लिहिला. उपरोध त्याला कळतच नाही. त्याचा सराव घरी कसा करून घ्यावा?

उत्तर : त्याला दोन गोष्टींची वजने ताडून पाहायला शिकवावे : घडले काय, आणि त्यासाठी शब्द कोणता वापरला. फुटली बरणी, आणि शब्द आला ‘पराक्रम’. घटना हलकी आणि शब्द जड असेल तर तिथे थांबून विचार करायचा. मग त्याला मराठीतल्या खुणा दाखवाव्यात. ‘तो आजारी होता’ आणि ‘तो आजारी होता म्हणे’ यांत ‘म्हणे’ने शंका आणली. ‘आला’ आणि ‘आला एकदाचा’ यांत वाट पाहून आलेला कंटाळा आहे. रोज ‘तू’ म्हणणारी बहीण ‘या राजे, बसा’ म्हणाली तर तो आदरार्थी प्रयोग आदराचा नसतो. आणि ‘स्वारी कुठे निघाली?’ यात थट्टा असली तरी माया असते, जी ‘महाशय’मध्ये सहसा नसते. आजीच्या वाक्यातला ‘हो’ असाच मऊ आहे, त्यामुळे तिथे नुसता उपरोध नसून त्यात लाडही आहे, हे त्याच्याशी जरूर बोलावे.

प्रश्नार्थक वाक्यांकडेही त्याचे लक्ष वेधावे, कारण प्रत्येक प्रश्नाला उत्तर हवे असते असे नाही. 1897 साली रँडच्या वधानंतर सरकारने पुणेकरांविरुद्ध जे कडक धोरण धरले, त्यावर लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या मथळ्याचा अग्रलेख लिहिला. ‘सरकारने आपल्या धोरणाचा फेरविचार करावा’ असे लिहिले असते तर आशय फारसा बदलला नसता, पण तो अर्ज झाला असता. ‘डोके ठिकाणावर असणे’ हा घरात, ओसरीवर बोलला जाणारा वाक्प्रचार आहे. तो राज्यकर्त्यांना लावताच त्यांचा दरारा उतरतो आणि लिहिणारा त्यांच्या बरोबरीने उभा राहतो. मुलाला हे दोन मथळे मोठ्याने वाचायला सांगा. त्याचा आवाज आपोआप बदलेल, आणि तो का बदलला हेच त्याला विचारा.

प्रश्न : मी गोव्यात माध्यमिक वर्गांना मराठी शिकवतो. भाव ओळखण्यात मतभेद होणारच. मग गुण कशाला द्यावेत?

उत्तर : उत्तरातल्या भावाच्या नावाला थोडे आणि त्यासाठी दाखवलेल्या शब्दांना अधिक. म्हणजे कोणतेही उत्तर चालते असे नव्हे. ‘औदुंबर’मध्ये वीररस शोधणाऱ्याला कवितेतला एकही शब्द साथ देणार नाही, आणि ती साथ नाही हेच गुण न देण्याचे कारण म्हणून त्याला दाखवता येते. महाराष्ट्रात दहावीच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन अंगांनी लिहिण्याची अपेक्षा असते, आणि मुले ती तीन वेगळ्या कप्प्यांसारखी भरतात. भाव आशयात लिहितात, शब्द भाषेत लिहितात, आणि दोहोंचा संबंध कुठेच लिहित नाहीत. तो संबंध जोडणाऱ्या एका वाक्यासाठी गुण राखून ठेवावेत.

एका विद्यार्थिनीने ‘औदुंबर’चा भाव ‘भीती’ असा लिहिला होता. मला तो शब्द पटला नाही. पण पुढे तिने लिहिले होते की पायवाट हिरव्या कुरणांतून निघाली असली तरी ती काळ्या डोहाकडेच चालली आहे आणि तिला दुसरी वाट नाही. ‘पण काळिम्याला गोड म्हटले आहे, म्हणून ही भीती पळून जावे अशी नाही.’ मी तिला पूर्ण गुण दिले.