डाळीच्या डब्यातले पैसे

कोथरूडहून एका मुलीचं पत्र आलंय. वय २८, आयटीत नोकरी, डिसेंबरमधे लग्न. होणारा नवरा म्हणतो दोघांचा सगळा पगार जॉइंट अकाउंटला टाकूया, आणि आई रोज कानाशी लागते की चार पैसे बाजूला ठेव पण त्याला कळू देऊ नको. "ताई, संसाराची सुरुवातच लपवाछपवीने करू का?"

अगं, नको करूस. पण म्हणून आईला लगेच कारस्थानी पण ठरवू नको.

माझी आई तूरडाळीच्या डब्यात नोटा ठेवायची, भाजीतून उरलेले, शिवणाचे आलेले, भाऊबीजेचे ओवाळणीचे, आणि ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री टीव्हीवर पाचशे-हजारच्या नोटा बंद म्हणून ऐकलं तेव्हा तिचा चेहराच असा पडला की बाबांना न सांगता सगळं कळलं. मला वाटलं आता पेटणार. बाबा एवढंच म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्ले असते का?" आई पटकन म्हणाली, "हो." (यावर ते गप्प, कारण पूर्वी तिच्या पाटल्या गहाण टाकून घरात स्कूटर आलेली, पाटल्या काही परत आल्या नाहीत.)

म्हणजे बघ, आईच्या सांगण्यात दोन गोष्टी गुंतल्यात. आपला पैसा आपल्या नावावर हवा, हे शंभर टक्के बरोबर. लपवणं ही तिची नाइलाजाची सोय होती. तुला पगार आहे, तोंड पण आहे, मग सांगून कर की.

पगार तुझ्याच अकाउंटला येऊ दे, जॉइंटला दोघांनी फक्त घरखर्चाचा वाटा टाका. फॉर्मवर 'आयदर ऑर सर्वायव्हर'ला टिक करायच्या आधी समजून घे, त्यात दोघांपैकी कोणीही एकटा सगळे पैसे काढू शकतो. पीपीएफ, म्हणजे सरकारी बचत योजनेचं खातं काढ, ते जॉइंट निघतच नाही, वर्षाला कमीत कमी ५०० रुपये, मुदत १५ वर्षं, आणि काढलंय हे त्याला सरळ सांग. तेव्हा तो काय बोलतो ते नीट ऐक, लग्नाआधीच ऐक. अंगावर घातलेलं सोनं तुझं स्त्रीधन, पावत्या तुझ्या नावाने घे.

आणि आईला एकदा विचार की तिने कोणापासून लपवले आणि का. घरी नको, बाबा पेपर आडवा धरून सगळं ऐकत असतात. तुळशीबागेत खरेदीला जाशीलच, तेव्हा तिला एकटीला ने.