१९४७-४८ च्या काश्मीर युद्धावर कादंबरी लिहायची तर नायक कोण घ्यावा?

माझं मत विचाराल तर सॅपर घ्या, म्हणजे रस्ता मोकळा करणारा सैनिक. स्वतंत्र भारताचं हे पहिलं युद्ध १ जानेवारी १९४९ पर्यंत चाललं, तरी आपल्या बोलण्यात बासष्ट, पासष्ट, एकाहत्तरच येतात. याचं मला फार वाईट वाटतं.

कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये जम्मू भागातल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर तोडून टाकलेली झाडं, पेरलेले सुरुंग, वरून गोळीबार. पहिल्याच दिवशी तोफगोळ्याने दोन सोबती गेले, राणे स्वतः जखमी झाले, तरी काम थांबलं नाही. एके ठिकाणी ते रणगाड्याखाली पोटावर सरपटत पुढे गेले आणि दोरी ओढून चालकाला खुणा करत राहिले. हा प्रसंग त्या दोरीच्या बाजूनेच लिहा: तळहाताला काचणारा दोर, डोक्यावर तापलेलं लोखंड, नाकात इंजिनाचा धूर आणि धूळ. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

दुसरा धागा हवा असेल तर नोव्हेंबरात झोजिला खिंडीवर चढवलेले रणगाडे आहेतच. पण आधी राजौरीच्या लोकांबद्दल वाचा. सैन्य १२ एप्रिलला पोचलं, तोवर गावात कत्तल झाली होती. ती वगळून ही कादंबरी लिहू नका.