साइट डायरीतले १८ महिने

गेल्या मे महिन्यात नागपुरातल्या धरमपेठेतील माझ्या करिअर समुपदेशन कक्षात २७ वर्षांचा एक स्थापत्य अभियंता आला. बी.ई. झाल्यापासून चार वर्षे तो एका कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर होता आणि नोकरी सोडून प्रकल्प व्यवस्थापनातील दोन वर्षांची पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी घ्यावी का, हे त्याला ठरवता येत नव्हते. "मॅडम, चार वर्षांपासून स्लॅबच टाकून राहिलो जी. मास्टर्स नाही केलं, तर मी इथंच राहीन." फीसाठी वडील बेसा येथील प्लॉट विकायला तयार होते. तो त्यांनी हप्त्याहप्त्याने घेतला होता, हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला.

हा प्रश्न घेऊन येणारी बहुतेक मुले 'कॉलेज कोणते चांगले' इथूनच सुरुवात करतात. मी मात्र आधी विचारते, की तुम्हाला जी खुर्ची हवी आहे, तिच्यावर आज बसलेला माणूस दिवसभर काय करतो. त्याला प्लॅनिंग इंजिनिअर आणि पुढे प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचे होते. पुढच्या भेटीला मी त्याला त्या पदांच्या दहा जाहिराती आणि स्वतःची साइट डायरी आणायला सांगितली.

डायरीच्या कडा सिमेंट सुकून कडक झाल्या होत्या. एका पानावर लिहिले होते, 'बीमचे सुधारित ड्रॉइंग ९ दिवस उशिरा मिळाले, शटरिंगची टोळी बसून.' या नऊ दिवसांचे पुढे काय झाले, इमारतीच्या मालकाला लेखी कळवून मुदतवाढ मागितली का, असे मी विचारले. "नाही. डायरीत लिहिलं फक्त," असे म्हणून तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. मग आम्ही महिने मोजले. वेळापत्रक त्याने स्वतः आखले, कामाची वाटणी स्वतः केली आणि उशिराचे उत्तरही स्वतःच दिले, असे महिने चार वर्षांत १८ निघाले. बाकीचा काळ दुसऱ्याने आखलेले काम पार पाडण्यात गेला होता.

प्रकल्प व्यवस्थापकांसाठीच्या पीएमपी या प्रमाणपत्रासाठीही पदवीधराकडून ३६ महिने प्रकल्पाचे नेतृत्व केल्याचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण मागितले जाते. त्याने आणलेल्या दहापैकी आठ जाहिरातींत बी.ई., अनुभवाची वर्षे आणि प्रिमाव्हेरा हे कामाचे वेळापत्रक आखायचे सॉफ्टवेअर एवढीच अपेक्षा होती. क्षेत्र बदलायचे असेल किंवा हव्या त्या नोकरीचे दार त्या पदवीशिवाय उघडतच नसेल, तर पूर्णवेळ शिक्षण घ्यावे, आणि अशा मुलांना मी मनापासून तिकडे पाठवले आहे. पण हा विषय स्वतःचे वेळापत्रक कोसळलेले पाहिल्यावर अधिक उमगतो, असे माझे मत आहे. कोणत्या एका कामाचा उशीर सगळ्या इमारतीला मागे ओढतो, हे टोळी नऊ दिवस बसलेली पाहणाऱ्याला आकृतीवरून समजावून द्यावे लागत नाही.

अवघड भेट वडिलांसोबतची होती. "पोरगा शिकतो म्हणते, तर शिकू द्या नं. प्लॉटचं काय, पुन्हा होईल," असे ते म्हणाले. मी कागदावर फीच्या खाली बुडणारा दोन वर्षांचा पगारही मांडला. तो आकडा त्या दोघांनीही आधी धरला नव्हता.

प्लॉट तूर्त ठेवायचा, संध्याकाळी प्रिमाव्हेरा शिकायचे, पुढच्या इमारतीचे प्लॅनिंग आणि बिलिंग मागून घ्यायचे आणि पदवीचा निर्णय ३६ महिने भरल्यावर पुन्हा घ्यायचा, असे त्याने ठरवले. कंत्राटदाराने बिलिंग स्वतःकडेच ठेवले, प्लॅनिंग मात्र दिले.

दिवाळीत त्याचा फोन आला. ड्रॉइंग पुन्हा चार दिवस उशिरा आले होते, पण या वेळी पत्र त्याच संध्याकाळी गेले आणि मुदतवाढ मिळाली. "मास्टर्स अजून डोक्यात आहे, मॅडम. पण आता अभ्यासक्रम वाचला की कोणता विषय कशाला लागेल, ते कळते." डायरीत तेव्हा २३ महिने झाले होते.