वारं गेल्यावरचं घर

लकव्याला आमच्याकडे ‘वारं गेलं’ म्हणतात. दवाखान्यातून माणूस आठ-दहा दिवसांत घरी येतो आणि खरी मेहनत तिथून पुढे असते. माझ्यासारखा फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा मोटरसायकलवर येऊन जातो, बाकीचे सहा दिवस घरच्यांचे. या वेळचे प्रश्न लहान पोरं असलेल्या घरांतून आलेत. लांब पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न: सासऱ्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्याला दोन महिने झाले. बोटं थोडी हलतात, धरून चालतात. घरात तीन आणि सहा वर्षांची मुलं आहेत. परवा सासरे आपणहून माझ्यासोबत भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसले, तर नणंदबाई माझ्यावर चिडल्या, ‘आजारी माणसाला कामाला लावलंस’ म्हणाल्या. माझं चुकलं का?

उत्तर: अजिबात नाही. लकव्यात मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही, पण आजूबाजूचा भाग त्याचं काम शिकू शकतो. तो शिकतो ते मात्र हात वापरल्यानंच, आणि तेही शेकडो वेळा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यांत जोरात होते. पुढे वेग मंदावतो, पण थांबत नाही. म्हणजे तुमच्या सासऱ्यांची ही सुगी चालू आहे, आणि सुगीत कुणी घरात निजून राहतं का?

वाटीभर दाणे निघायला शंभरावर शेंगा उचलाव्या लागतात. मी सांगितलेला व्यायाम कुणी शंभर वेळा करत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळून चुकलंय. लोक हौसेनं स्पंजचा चेंडू आणून देतात. माणूस दोन दिवस दाबतो, मग तो चेंडू पोरं खेळायला नेतात. नेऊ द्या. बोटं आधीच आवळत असतील तर त्यांना मिटण्यापेक्षा उघडण्याचा सराव हवा असतो. शेंग उचलून ताटात सोडताना तो आपोआप होतो. लसूण सोलणं, तांदूळ निवडणं, कपड्यांच्या घड्या घालणं, यातलं जे त्यांना जमेल ते द्या. उजवा हात अगदीच दमला तर त्यानं ताट दाबून धरायचं आणि डाव्यानं काम करायचं. पण त्याला कामातून काढायचं नाही.

बसवायचं खुर्चीवर, दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली, ताट समोर स्टुलावर. सुंभाच्या बाजेवर नको, माणूस त्यात रुततो आणि कुशीवर वळणंसुद्धा अवघड होतं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. तीन वर्षांच्या पोराला दाण्यांपाशी बसवू नका. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकलेली मुलं दवाखान्यात नेहमी येतात, आणि दाणा पोराच्या तोंडात जाताना दिसला तरी आजोबांचा हात वेळेवर पोचणार नाही. धाकट्याला त्यांच्या उजव्या बाजूला उभं करून कांदे-बटाटे एकेक हातात द्यायला सांगा. थोरला शेंगा मोजेल. नणंदबाई पुढच्या वेळी आल्या की त्यांच्यापुढेही एक ताट ठेवा.

प्रश्न: वडिलांची वाचा गेली आहे. बोलायला जातात आणि भलताच शब्द येतो. मधूनच रडू फुटतं, तर कधी उगाच हसतात. माझा चार वर्षांचा मुलगा त्यांना घाबरतो, आणि खेळताना त्यांची नक्कलही करतो. त्याला लांब ठेवावं का?

उत्तर: लांब ठेवाल तर भीती वाढेल. पोराला खरं सांगा, त्याच्या भाषेत: ‘आजोबांच्या डोक्यात शब्दांचा डबा सांडलाय, ते शोधतायत.’ आणि हेही सांगा, की आजोबांना तुझं सगळं कळतं, आणि ते तुझ्यामुळे रडत नाहीत. वाचा जाणं म्हणजे बुद्धी जाणं नव्हे, हे मोठ्यांनाही सांगावं लागतं. कुणाकुणाला समजायलाही वेळ लागतो, म्हणून छोटी वाक्यं बोला. मोठ्यानं ओरडून बोलू नका, कान शाबूत आहेत. ते अकारण हसू-रडू मेंदूचा लगाम सैल झाल्यानं येतं. अशा वेळी समजूत घालत बसण्यापेक्षा विषय बदला. पण दिवसच्या दिवस उदास राहत असतील, जेवणावरून मन उडालं असेल, तर डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध आहे.

नकलेबद्दल रागावू नका. चार वर्षांचं पोर जे समजत नाही ते करून बघतं.

आता गंमत ऐका. ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही तो माणूस आरतीत सुरात सूर मिळवतो. गाणं, पाढे, वारांची नावं या पाठ झालेल्या गोष्टी कित्येकदा टिकून राहतात. एका घरी आजोबांना नातवाचं नाव येईना, पण भजनी मंडळ आलं तेव्हा ‘विठ्ठल विठ्ठल’ सगळ्यांच्या बरोबर. तुमच्या मुलाला एक-दोन-तीन शिकायचंच आहे. रोज संध्याकाळी दोघांनी मिळून म्हणावं. तो चार म्हणेल, आजोबा पाच. आजोबा अडकले तर पोराला मनात दहा मोजेपर्यंत थांबायला शिकवा. तोंडातला शब्द चटकन पुरवण्याची खोड मोठ्यांना जास्त असते.

प्रश्न: आठ महिन्यांचं बाळ अंगावर पितं. सासूबाईंना खाटेवरून उठवणं, बसवणं सगळं मीच करते. माझी कंबर गेली आहे. नवरा घरी असतो, पण ‘हे बायकांचं काम’ म्हणतो.

उत्तर: हे उत्तर त्यांना वाचून दाखवा. दादा, ज्या आईनं तुम्हाला उचललं तिला उचलायला तुमचीच पाठ जास्त मजबूत आहे. सकाळी आणि रात्री उठवणं तुमचं. आंघोळ घालताना आई संकोचत असेल तर तेवढं सुनेनं बघावं, पण तिथवर नेऊन स्टुलावर बसवणं तुमचंच.

आता कसं उठवायचं ते. काखेत हात घालून ओढू नका. लकव्यात खांद्याचे स्नायू ढिले पडतात, सांधा खाली उतरतो आणि मग महिनोन्महिने खांदा दुखतो. दुबळा हात धरून तर कधीच नाही. आधी त्यांना कुशीवर वळवा, पाय खाटेखाली सोडा, चांगल्या हाताच्या कोपरावर जोर देऊन बसू द्या. उठताना पावलं मागे, गुडघ्यांच्या किंचित आत. मग त्यांनी पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत. तुम्ही समोर उभं राहून कमरेचा पट्टा धरा. जुन्या साडीचा रुंद पट्टा चालतो. आपले गुडघे वाकवा, पाठ नाही. खाट फार खाली असेल तर चारही पायांखाली विटा द्या, नीट बसतील अशा, डुगडुगणाऱ्या नकोत.

ताई, तुमची कंबर महिनाभरात दुखायची थांबली नाही तर दाखवून घ्या. बाळ कडेवर एकाच बाजूला घेण्याची सवय असेल तर बाजू बदलत जा.

प्रश्न: आजीला भरवताना ठसका लागतो, पाण्यानं जास्त. भेटायला येणारे शहाळी आणतात, तीही ती आडवी पडून पिते.

उत्तर: आडवं पडून एक घोटही नाही. पातळ पदार्थ घशात सुसाट जातात, दुबळा घसा त्यांना आवरू शकत नाही आणि पाणी फुप्फुसात उतरतं. ताठ बसवा, हनुवटी जराशी खाली, चमचाभर एका वेळी, पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही. दाट पेज, खिमटी, दही नीट जातं. चहात बुडवलेलं बिस्किट सगळ्यांत वाईट, अर्धं पातळ आणि अर्धा चुरा. दुबळ्या बाजूच्या गालात घास साठतो, जेवणानंतर बोट फिरवून तोंड स्वच्छ करा आणि अर्धा तास बसवून ठेवा. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न: कबुतराचं रक्त चोळल्यानं लकवा जातो का?

उत्तर: नाही. कबुतर जातं. नस मेंदूत बंद होते किंवा फुटते, कातडीला काय चोळता? गरम विटेचा शेकही नको, बधिर अंगाला चटका कळत नाही. पुढे कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर लगेच १०८. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून.

प्रश्न: (पुतणीच्या हातून लिहून घेतलेला) मी बासष्टीचा. डावं अंग गेलं होतं, आता काठी घेऊन चालतो. नात दीड वर्षाची आहे. तिला कडेवर कधी घेता येईल? गाडी कधी चालवता येईल?

उत्तर: काका, मोटरसायकलचं आधी सांगतो. डॉक्टर म्हणेपर्यंत किल्ली पुतणीकडे. काहींचं डाव्या अंगाबरोबर डावीकडचं भानही जातं, ताटाच्या डाव्या अर्ध्यातली भाकरी दिसत नाही. रस्त्यावर तिथून ट्रॅक्टर येत असतो. बीपीची गोळी रोज घ्या, बरं वाटलं म्हणून सोडू नका. आणि ती सदऱ्याच्या खिशात ठेवू नका, खिसा तपासणं हा नातीचा धंदा आहे. एक गोळीसुद्धा तिच्या जिवावर येऊ शकते. पत्र्याच्या डब्यात घालून फडताळात वर ठेवा.

कडेवर घेऊन उभं राहणं सध्या नाही. पडलात तर दोघं पडाल. पण ओट्यावर भिंतीला टेकून बसा, पाय खाली सोडा आणि कुणाला तरी तिला मांडीवर ठेवायला सांगा. उजव्या हातानं धरा, डावा तिच्या पाठीमागे टेकू द्या. ती वळवळेल, ओढेल, तुमचा डावा हात तिला सावरायला आपणहून पुढे येतो का बघा. पुढच्या खेपेला मला तेवढंच सांगा.